चेन नवी, दाते जुने

माळ्यावरची जुनी स्टीलची रेसर सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची, एवढंच ठरवलं होतं. फ्रेमला रंग, चाकांचा आऊट काढणं, ही कामं आठवड्याभरात उरकली. गाडं अडलं ते चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), क्रँक आणि डिरेलर (चेन चकतीवरून चकतीवर सरकवणारा) यांच्या खरेदीपाशी. यांचं एकमेकांशी पटावं लागतं, आणि यांच्या पत्रिकेत 36 गुण नसतात, नुसते मिलिमीटर असतात. पण खोदायला लागलं की प्रत्येक मिलिमीटरखाली एक किस्सा सापडतो.

अर्धा इंच, सगळ्यांना सारखा

आजोबांची काळी रोडस्टर आणि आजची 12 स्पीडची महागडी रेसर. दोन्हींच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर तेच: अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. शिमानोने 1970च्या दशकात ट्रॅक शर्यतींसाठी 10 मिलिमीटरची चेन आणून पाहिली, पण ती रुजली नाही. बदलली ती रुंदी. मागच्या चकत्या वाढत गेल्या तशी चेन अंग चोरत गेली. म्हणून दुकानात ‘किती स्पीडची?’ हा पहिला प्रश्न.

दर इंचात चार पट्ट्या, दोन पिना, दोन रोलर. 114 कड्यांच्या चेनमध्ये 456 तुकडे झाले. एवढे तुकडे एकमेकांवर घासत असूनही ताकद वाया जाते ती नाममात्र. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1999 मध्ये मोजलं, तेव्हा उत्तम परिस्थितीत चेनची कार्यक्षमता 98.6 टक्के भरली. गंमत म्हणजे तेलाने त्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. पण ती प्रयोगशाळा होती, आपला जुलै नव्हे. तेल घालत राहा.

जुनी चेन ठेवायची की टाकायची, हे शाळेची 12 इंची पट्टी सांगते. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा, तिथून 24वी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. 1/8 गेली असेल तर कॅसेटचेही पैसे बाजूला काढा. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणत नाहीत, पिना आणि त्यांची भोकं झिजतात. अशी चेन दात्यांनाही आपल्या मापाचं करून टाकते. मग नवी चेन चढवली, पायडलवर उभं राहून जोर लावला, की खट्! चेन दात्यावरून उडते आणि गुडघा हँडलवर.

उलटे आटे, सुलटा माणूस

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पंक्चर काढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मला न ठाऊक असलेली गोष्ट बीबीची, म्हणजे बॉटम ब्रॅकेटची. क्रँकचा दांडा ज्या नळीत फिरतो तिथला उजवा कप मी सोडवायला घेतला. पाना लावला, पान्याला दीड फुटी पाइप लावला, वर एका पायावर उभा राहिलो. वीस मिनिटं. शेजारचे काका, आयुष्यभर कारखान्यात फिटर, गॅलरीतून बघत होते. शेवटी राहवेना. म्हणाले, “अरे, सोडवतोयस की आवळतोयस?”

आवळत होतो. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेमला उजव्या कपाचे आटे उलटे असतात, पायडल मारता मारता तो आपोआप सुटू नये म्हणून. इटालियन फ्रेमना दोन्हीकडे सुलटेच आटे, त्यामुळे तिथला उजवा कप नीट आवळला नाही तर ढिला पडायची भीती. ओळखायचं कसं? नळीची रुंदी मोजा. 68 मिलिमीटर म्हणजे बहुधा इंग्लिश, 70 म्हणजे इटालियन. मोजल्याशिवाय बीबी मागवणारा माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो. अनुभव आहे.

चाक उलटा, मग चढा

गिअरची खटखट नको वाटत असेल तर हे ऐका. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा त्याला सक्त विरोध होता. तोवर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं. 1927च्या नोव्हेंबरात इटलीतल्या क्रोचे दाउने घाटात गारठलेल्या बोटांनी शर्यतपटू तुलिओ काम्पान्योलोला चाकाचा नट सोडवता आला नाही आणि त्यातून क्विक रिलीज जन्मला, असं सांगतात. कथेत मीठमसाला किती ते सोडा, खटका मात्र आजही हजारो चाकांवर आहे.

जपानच्या सनटूरने 1964 मध्ये डिरेलरचा चौकोन तिरका केला. त्यामुळे तो प्रत्येक चकतीशी सारखंच अंतर राखू लागला. पेटंट 1984 मध्ये संपलं, आणि त्याच वर्षी शिमानोने ही युक्ती उचलून तिला ‘क्लिक’ची जोड दिली. त्याआधी गिअर कानाने लावत, तंबोऱ्यासारखा. सनटूर मागे पडलं ते पडलंच.

1.85 ची भानगड

मागच्या दोन फाट्यांमधलं अंतर 5 स्पीडच्या काळात 120 मिलिमीटर, 6-7 स्पीडला 126, 8 ते 11 स्पीडला 130. माझी फ्रेम 126 ची. स्टील असल्यामुळे दोन्ही फाटे जाणकाराकडून दोन-दोन मिलिमीटर फाकवून घेता येतात. अॅल्युमिनियम किंवा कार्बनला असला हात लावू नका, पस्तावाल.

शिमानोचं 11 स्पीडचं रोड हब 1.85 मिलिमीटरने लांब. त्यावर 8-9 स्पीडची कॅसेट बसवायची तर तेवढ्याच जाडीचं वॉशर आत घालायचं. 10 स्पीडची बसवायची? आणखी एक मिलिमीटर. आणि खरा चकवा: शिमानोचीच टियाग्रा 4700. नावाला 10 स्पीड, पण केबल ओढते 11 स्पीडच्या मापाने, त्यामुळे जुन्या 10 स्पीडच्या डिरेलरशी तिचं जमत नाही. माझं स्पष्ट मत, शिफ्टर आणि मागचा डिरेलर एकाच घरातले घ्या.

घाटाचा हिशेब

गिअर मोजायचं ‘गिअर इंच’ हे माप पेनी-फार्दिंगच्या, म्हणजे भल्यामोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलींच्या काळातलं आहे, तुमचा गिअर किती मोठ्या चाकाइतका ते सांगणारं. 1972 मध्ये मेक्सिको सिटीत बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सने तासाभरात 49.431 किलोमीटर कापले ते पुढे 52, मागे 14 दात्यांवर. म्हणजे जवळपास आठ फुटी चाक!

मर्क्सचे पाय आपल्याकडे नाहीत, सिंहगड मात्र आहे. जुन्या रेसरला पुढे 42, मागे 23. पायांच्या मिनिटाला 60 फेऱ्या धरल्या तर ताशी 14 किलोमीटरने चढावं लागतं. नाही जमत. पुढे 34, मागे 32 केलं की तेवढ्याच फेऱ्यांत ताशी 8. पण 130 मिलिमीटरच्या बोल्ट-वर्तुळाच्या क्रँकवर 38 पेक्षा लहान चकती बसतच नाही, म्हणून क्रँक 110 चा घ्यावा लागला. क्रँक बदलला म्हणून बीबी बदलला. डिरेलर 32 पर्यंत पोचेना, म्हणून तोही बदलला. जुन्यातलं उरलं काय, तर फ्रेम, आणि खिळ्याला टांगलेली 52 ची चकती. काका रोज विचारतात, “तिचं काय करणार?”