पान्हा मेंदूतून फुटतो

रेडकाने दोन ढुसण्या दिल्या की म्हैस पान्हावते. गोठ्यात आरडाओरडा झाला की तीच म्हैस दूध चोरते. बाळंतिणीच्या शरीरातही निसर्गाने अशीच व्यवस्था ठेवली आहे. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत आम्ही जातो तेव्हा सासूबाई सांगतात, "सिस्टर, हिला दूधच नाही, पावडरचा डबा लिहून द्या." पुष्कळदा दूध असते, पान्हा अडलेला असतो.

पान्हा सोडणारे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. ते मेंदूच्या तळाशी तयार होते. बाळ चोखू लागले, आईच्या उघड्या छातीवर निजले, नुसते रडले तरी ते पाझरते. गर्भाशय आवळून बाळंतपणातला रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याचे कामही त्याचेच. ते प्रयोगशाळेत बनवणारे व्हिन्सेंट द्यू विग्नो यांना १९५५ साली नोबेल मिळाले. आज दवाखान्यात बाळ जन्मताच आईला त्याचे इंजेक्शन देतात. मात्र कळा वाढाव्यात म्हणून घरी ते कुणाकडूनही टोचून घेऊ नका. गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

हेच संप्रेरक माया आणि विश्वासाशीही जोडलेले आहे. भीती आणि अपमानाने त्याचा पाझर अडतो. म्हणून प्रसूतिगृहात वस्तीवरून, जातीवरून मारलेला टोमणा शरीरापर्यंत पोहोचतो. बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सोबत हक्काने मागा.

माया जन्मदात्रीपुरती नसते. १८९६ साली साताऱ्यात भीमाबाई गेल्या, तेव्हा लहानग्या भीमरावांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. बाळाला छातीशी धरणाऱ्या बापाच्या शरीरातही ऑक्सिटोसिन वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे.

पण या मायेला कुंपण असते. नेदरलँड्समधल्या काही प्रयोगांत ऑक्सिटोसिनने आपल्या गटाची ओढ वाढली, परक्यांची नाही. 'आपले कोण' हे तर समाज शिकवतो; आपल्याकडे ते जातीने शिकवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब करुणेच्याही पुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांवरची मैत्री सांगतात. ओढ शरीर देते, कुंपण ओलांडायला धम्म शिकवतो.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामकरी बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतिणीची विश्रांती ही चैन नव्हे, हे तेव्हाच सांगितले गेले. मग घरात एवढे तरी करूया:

• जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. चीक टाकू नका.
• पाजताना आईभोवती भांडण नको, 'मुलगीच झाली' हे बोलणे नको.
• पाणी, धुणे, थोरले पोर नवऱ्याने सांभाळावे.
• बाळाचे वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल तर आशाताईला लगेच सांगा.
• दोन आठवड्यांनंतरही आई रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो आजार आहे. डॉक्टरांना दाखवा किंवा १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नका.