कार्ड भारी, एसएमपीएसचं काय?

लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड विचारा, कुठला गेम किती फ्रेम्सवर पळेल ते पोरं धडाधड सांगतात. मी आधी एसएमपीएसकडे बघते. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट खातं. एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर '५०० वॉट' छापलंय? स्टिकर वाचा. कार्ड चालतं १२ व्होल्टवर. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल, तर हातात फक्त १९२ वॉट. मग प्रोसेसरने काय खायचं? गेम ऐन रंगात आला की पीसी बंद! आणि '८० प्लस गोल्ड' म्हणजे ताकद नव्हे हं, वीज कमी वाया जाते एवढंच. आठ पिनची केबल नाही म्हणून मोलेक्सचा जुगाड नको, प्लग वितळतो. बजेट ताणलं जातंय? आरजीबी पंखे राहू देत, राव.