कमी ट्रॅव्हलची ट्रेल माउंटन सायकल

कमी ट्रॅव्हलची ट्रेल माउंटन सायकल हा डोंगरवाटांवर चालविण्यासाठी बनविलेल्या सायकलींचा एक प्रकार आहे. या सायकलीला पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असते. धक्का बसल्यावर चाक जितके वर सरकू शकते, त्या अंतरास ट्रॅव्हल असे म्हणतात. या प्रकारात मागील चाकाचे ट्रॅव्हल साधारणपणे ११० ते १३० मिमी, तर पुढील चाकाचे १२० ते १४० मिमी असते. चढावर शक्तीचा अपव्यय न होऊ देणे आणि उतारावर सायकल स्थिर ठेवणे, हे दोन्ही हेतू एकाच सायकलीत साधण्याचा प्रयत्न या प्रकारात केलेला असतो.

अशा सायकलीची क्षमता केवळ ट्रॅव्हलच्या आकड्यावरून ठरत नाही. फ्रेमची भूमिती, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनची जुळणी यांचा तीवर अधिक परिणाम होतो. ट्रॅव्हल मोजकेच असल्यामुळे जुळणीतील लहानसा फरकही चालकाला जाणवतो. म्हणून निवड आणि जुळणी या दोन बाबींचा विचार एकत्र केला जातो.

इतिहास

माउंटन सायकलिंगचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीमध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवीत असत. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ ‘रिपॅक’ नावाने ओळखली जाणारी उताराची शर्यत सुरू झाली. एका उतरणीतच मागील हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम तयार केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल मोठ्या प्रमाणावरील उत्पादनातून बाजारात आली.

या सर्व सायकलींना सस्पेन्शन नव्हते. १९८९ च्या सुमारास आलेल्या रॉकशॉक्स कंपनीच्या ‘आरएस-१’ या फोर्कला जेमतेम ५० मिमी ट्रॅव्हल होते. पुढे मागील सस्पेन्शनही रूढ झाले आणि ट्रॅव्हल वाढत गेले. त्यातून दोन टोके निर्माण झाली. एकीकडे शर्यतीच्या हलक्या, पण उतारावर अस्थिर वाटणाऱ्या सायकली होत्या. दुसरीकडे भरपूर ट्रॅव्हलच्या, पण चढावर जड वाटणाऱ्या सायकली होत्या.

२०१० च्या दशकात काही उत्पादकांनी मोठ्या ट्रॅव्हलच्या सायकलींची भूमिती कमी ट्रॅव्हलच्या, २९ इंची चाकांच्या फ्रेमला दिली. कोना कंपनीची ‘प्रोसेस १११’ आणि ईव्हिल कंपनीची ‘द फॉलोइंग’ ही त्याची सुरुवातीची उदाहरणे होत. नंतरच्या काळातील सँटा क्रूझ ‘टॉलबॉय’च्या मागील चाकाला १२० मिमी, तर पुढील चाकाला १३० मिमी ट्रॅव्हल असते. २०२० मध्ये आलेल्या ट्रान्झिशन ‘स्पर’ला दोन्हीकडे १२० मिमी ट्रॅव्हल आहे.

इतर प्रकारांशी तुलना

दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलींचे मागील ट्रॅव्हलनुसार ढोबळमानाने पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते. या सीमारेषा काटेकोर नाहीत.

क्रॉस-कंट्री : १०० ते १२० मिमी. शर्यत आणि वेगवान चढ.
कमी ट्रॅव्हलची ट्रेल : ११० ते १३० मिमी. चढ-उतार सारखेच असलेल्या लांब वाटा.
ट्रेल : १३० ते १५० मिमी. खडकाळ व मिश्र वाटा.
एन्ड्युरो : १५० ते १७० मिमी किंवा अधिक. तीव्र व खडबडीत उतार.
डाउनहिल : सुमारे २०० मिमी. केवळ उतार.

ट्रॅव्हल आणि धक्क्याचा जोर

कमी आणि जास्त ट्रॅव्हलमधील फरक कार्य व ऊर्जेच्या संबंधातून समजतो. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. एखाद्या धक्क्याची ठरावीक ऊर्जा १६० मिमी अंतरात शोषली गेली, तर जितके सरासरी बल लागते, त्याच्या सुमारे १.३३ पट बल तीच ऊर्जा १२० मिमी अंतरात शोषताना लागते. प्रत्यक्षात टायर आणि चालकाचे हातपाय हेही धक्क्याचा मोठा वाटा उचलतात, त्यामुळे हा हिशोब केवळ दिशादर्शक ठरतो.

उताराच्या बाजूने झुकलेली आधुनिक भूमिती सायकलीला वेगातही स्थिर ठेवते. त्यामुळे सस्पेन्शनला पेलेल त्यापेक्षा अधिक वेग चालकाच्या नकळत गाठला जाऊ शकतो. भूमिती धीर देते, मात्र चूक सावरून घेण्यासाठी लागणारे ट्रॅव्हल शिल्लक नसते. या कारणाने अशा सायकलीवर ब्रेक आणि टायर यांची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

निवड

फ्रेमचे माप : ‘स्मॉल’, ‘मीडियम’, ‘लार्ज’ या नावांचा अर्थ प्रत्येक उत्पादकागणिक बदलतो. म्हणून ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ ही मापे पाहिली जातात. क्रँक ज्या अक्षाभोवती फिरतो, तेथून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच आणि उभे अंतर म्हणजे स्टॅक. उभे राहून सायकल चालविताना शरीराला किती जागा मिळेल, हे रीचवरून कळते.

भूमिती : पुढील फोर्क, म्हणजे दुकानांतील भाषेत चिमटा, जमिनीशी जो कोन करतो त्यास हेड अँगल म्हणतात. या प्रकारात तो साधारणपणे ६५ ते ६७ अंश असतो. कोन जितका कमी, तितके पुढचे चाक चालकापासून दूर जाते. उतारावर स्थैर्य वाढते, पण सावकाश वळताना हँडल जड वाटते. सीटच्या नळीचा कोन ७५ ते ७७ अंश असल्यास चालकाचे वजन पेडलच्या वर राहते आणि तीव्र चढावर पुढचे चाक उचलले जात नाही. ३५ ते ५० मिमी लांबीचा आखूड स्टेम आणि ७६० ते ८०० मिमी रुंद हँडल हे या भूमितीला पूरक असतात.

मागील सस्पेन्शनची रचना : पेडल मारताना सायकल किती दबते, हे सांध्यांच्या जागेवर आणि साखळीच्या ताणावर अवलंबून असते. काही हलक्या फ्रेममध्ये मागील टोकाचा सांधा काढून टाकलेला असतो आणि कार्बनच्या नळ्यांची लवचिकता त्याचे काम करते. त्यामुळे वजन घटते आणि झिजणारे बेअरिंग कमी होतात.

चाके व टायर : बहुतेक सायकलींना २९ इंची चाके असतात. त्यांच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६२२ मिमी असतो, तर २७.५ इंची चाकांसाठी तो ५८४ मिमी असतो. २.३ ते २.४ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर प्रचलित आहेत. वजन वाचविण्यासाठी पातळ भिंतीचा टायर निवडण्याचा मोह होतो. परंतु सह्याद्रीतील बेसाल्टसारख्या धारदार दगडांवर त्याची बाजूची भिंत चिरण्याची शक्यता वाढते. पुढे अधिक पकड देणारा आणि मागे सहज फिरणारा टायर बसविण्याची पद्धत रूढ आहे.

ब्रेक : हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हे या प्रकारात सर्वसामान्य आहेत. ब्रेकची डिस्क १६० मिमी ऐवजी १८० मिमी घेतल्यास, लिव्हरवर तितकाच जोर देऊन सुमारे १२ टक्के अधिक रोधक आघूर्ण मिळते व उष्णताही अधिक पृष्ठभागावर पसरते. लांब उतारांसाठी किंवा वजनदार चालकासाठी पुढे आणखी मोठी डिस्क वापरली जाते. मात्र ती फ्रेमच्या व फोर्कच्या अनुमत मर्यादेत असावी लागते.

गिअर : पुढे एकच चेनव्हील आणि मागे १२ चकत्यांची कॅसेट ही रचना सर्वत्र आढळते. पुढे ३२ आणि मागे ५२ दाते असताना २९ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.४ मीटर पुढे जाते. पुढचे चेनव्हील ३० दात्यांचे घेतल्यास हे अंतर सुमारे १.३ मीटर होते व तीव्र चढ सुसह्य होतो.

सीट खाली-वर होणारी नळी : हँडलवरील कळ दाबून सीट खाली घेता येणारी ‘ड्रॉपर’ नळी उतारावर शरीर मोकळे ठेवते. खरेदीचा खर्च मर्यादित असल्यास कार्बन फ्रेमपेक्षा ॲल्युमिनियमची फ्रेम, चांगले ब्रेक, चांगले टायर आणि ड्रॉपर हा संच वापरात अधिक उपयुक्त ठरतो.

जुळणी

जुळणी ठरावीक क्रमाने केली जाते, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीवर परिणाम करते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि केलेला बदल वहीत नोंदविणे हा त्यातील मुख्य नियम आहे.

बैठक : पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीटची उंची प्रारंभी ठेवली जाते. ब्रेकचे लिव्हर एका बोटाने सहज ओढता येतील अशा जागी बसवितात.

टायरमधील हवा : सुमारे ७५ किलो वजनाच्या चालकासाठी २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ पीएसआय आणि मागे २३ ते २५ पीएसआय हा दाब प्रारंभासाठी योग्य असतो. वळणावर टायर दुमडू लागल्यास किंवा रिम दगडावर आपटू लागल्यास दाब वाढवितात. सायकल लहान खड्यांवरही उसळत असल्यास तो कमी करतात. टायरच्या दाबाचा परिणाम सस्पेन्शनच्या वर्तनात मिसळत असल्यामुळे ही पायरी आधी पूर्ण केली जाते.

सॅग : चालक सायकलीवर स्थिर असताना केवळ त्याच्या वजनाने सस्पेन्शन जितके दबते, त्यास सॅग म्हणतात. मागील शॉकसाठी २५ ते ३० टक्के आणि फोर्कसाठी १५ ते २० टक्के सॅग ठेवण्याचा प्रघात आहे. हेल्मेट, पाणी व पिशवीसह मोजमाप केले जाते. शॉक पंपाने हवा भरल्यावर सस्पेन्शन काही वेळा सावकाश दाबावे लागते, म्हणजे आतील दोन्ही कक्षांतील दाब समतोल होतो. ही कृती राहून गेल्यास सॅग चुकीचा दिसतो. त्यानंतर दांड्यावरील रबरी कडी सीलपर्यंत सरकवून चालक सायकलीवर बसतो आणि हिसका न देता उतरतो. कडी जितकी सरकली तो सॅग होय.

रिबाउंड : दबलेले सस्पेन्शन किती वेगाने मूळ जागी येते, हे रिबाउंडच्या बटणाने ठरते. बसून पदपथावरून खाली उतरल्यावर सायकल एकदाच उसळून स्थिर झाली, तर ही मांडणी साधारण योग्य समजली जाते. ती पुन्हा पुन्हा उसळल्यास वेग कमी करावा लागतो. रिबाउंड फार मंद असेल, तर सलग दगडांवर सस्पेन्शनला पुन्हा उघडण्यास वेळ मिळत नाही. ते दबलेलेच राहते आणि मुळातच मोजके असलेले ट्रॅव्हल आणखी घटते.

शेवटच्या टप्प्यातील ताठरपणा : हवेच्या कक्षात प्लॅस्टिकचे ठोकळे बसविल्यास कक्षाचे आकारमान घटते. बॉईलच्या नियमानुसार अशा कक्षात ट्रॅव्हलच्या अखेरीस दाब झपाट्याने वाढतो. सॅग योग्य असूनही सस्पेन्शन वारंवार तळाला आदळत असेल, तर हवा वाढविण्याऐवजी ठोकळा वाढविणे श्रेयस्कर ठरते, कारण त्यामुळे सुरुवातीचा मऊपणा टिकतो. नेहमीच्या वाटेवरील सर्वांत मोठ्या धक्क्याला पूर्ण ट्रॅव्हल वापरले जाणे हा दोष नसून योग्य जुळणीची खूण आहे.

उदाहरण

एका सायकलीचे मागील ट्रॅव्हल १२० मिमी, शॉकच्या दांड्याची चाल ४५ मिमी आणि फोर्कचे ट्रॅव्हल १३० मिमी आहे, असे मानू. मागे २८ टक्के सॅग हवा असल्यास कडी ४५ × ०.२८ = १२.६ मिमी सरकली पाहिजे. पुढे २० टक्क्यांसाठी हे अंतर २६ मिमी येते.

येथे ट्रॅव्हल आणि शॉकची चाल यांचे सरासरी गुणोत्तर सुमारे २.६७ आहे. मोजमापात शॉकवर २ मिमीचा फरक पडला, तर चाकापाशी तो सुमारे ५.३ मिमी होतो आणि सॅग ४.४ टक्क्यांनी बदलतो. ६५ मिमी चालीच्या शॉकवर तोच फरक सुमारे ३ टक्के इतकाच राहतो. कमी ट्रॅव्हलच्या सायकलीची जुळणी पट्टी घेऊन का करावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

देखभाल

अनेक उत्पादक फोर्कच्या खालच्या भागातील तेल सुमारे ५० तासांच्या वापरानंतर बदलण्याची शिफारस करतात. ट्यूबलेस टायरमधील सीलंट उष्ण व कोरड्या हवेत लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यात ते अधिक वेळा तपासावे लागते. पावसाळ्यातील चिखलाने साखळी, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे सील झिजतात. धुताना बेअरिंग व सीलवर जोराचा पाण्याचा फवारा मारणे टाळले जाते.

मर्यादा

मोठ्या उड्या, सलग खडकाळ उतार किंवा सायकल-पार्कमधील नियमित वापर यांसाठी हा प्रकार योग्य नाही. काही चालक मूळ फोर्कपेक्षा लांब फोर्क बसवून क्षमता वाढविण्याचा प्रयत्न करतात. १० मिमी लांब फोर्कमुळे हेड अँगल सुमारे ०.५ अंशाने कमी होतो, सीटचा कोनही तितकाच मागे झुकतो आणि क्रँकचा अक्ष उंचावतो. उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे असा बदल केल्यास फ्रेमवर अतिरिक्त ताण येतो व हमी रद्द होऊ शकते. नेहमीच्या वाटा असा बदल मागत असतील, तर अधिक ट्रॅव्हलची सायकल निवडणे सुरक्षित ठरते. उलट ज्यांचा बराचसा वेळ चढण्यात आणि लांब अंतर कापण्यात जातो, त्यांच्यासाठी नीट जुळविलेली कमी ट्रॅव्हलची सायकल पुरेशी असते.