संयुक्त संभाव्यता : गुणाकारापूर्वीचा विचार

एक नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? या प्रश्नाला दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दिलेले उत्तर दोन-तृतीयांश असे होते. त्याची विचारसरणी अशी : पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ संपला, न पडल्यास दुसऱ्या वेळी छापा किंवा काटा. म्हणजे प्रकार तीन, आणि त्यांपैकी दोन अनुकूल. बारा-तेरा वर्षांची मुले वाट थोडी निराळी धरतात. दोन छापे, दोन काटे आणि एकेक असे तीन प्रकार ती मानतात. पण दोष तोच. प्रकार मोजले जातात. ते समसंभाव्य आहेत की नाहीत, हे पाहिले जात नाही.

अशा वेळी सूत्र सांगून मुलांचे तोंड बंद करणे सोपे असते. त्याने शंका मात्र फिटत नाही. त्याऐवजी एक रुपयाचे व पाच रुपयांचे अशी दोन भिन्न नाणी हाती द्यावीत. मग ‘रुपयावर छापा, पाचावर काटा’ आणि ‘रुपयावर काटा, पाचावर छापा’ या दोन निरनिराळ्या निष्पत्ती आहेत, हे मुलांना आपोआप दिसते आणि चार समसंभाव्य प्रकारांची यादी पुरी होते. गुणाकार येथे का यावा, याचे उत्तर मराठी मुलाला घरच्याच भाषेत मिळते : अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. शंभर वेळा जोडी उडविली तर सुमारे पन्नास वेळा पहिल्या नाण्यावर काटा पडेल आणि त्या पन्नासांतील सुमारे पंचवीस वेळा दुसऱ्यावरही. दोन्ही काटे पडण्याची संभाव्यता पाव. म्हणून निदान एक छापा पडण्याची पाऊण.

खरी अडचण याच्या पुढची आहे. पिशवीत ३ तांबडे व २ पांढरे चेंडू आहेत. पहिला चेंडू परत टाकून दुसरा काढला तर दोन्ही तांबडे येण्याची संभाव्यता ३/५ × ३/५, म्हणजे ९/२५. परत न टाकल्यास ३/५ × २/४, म्हणजे ३/१०. गुणाकार दोन्हीकडे आहे. बदलतो तो दुसरा अपूर्णांक, कारण तो पहिल्या घटनेनंतर उरलेल्या चेंडूंतून घ्यावयाचा असतो. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ‘स्वतंत्र घटना’ हा शब्द आयताच दिलेला असतो. त्यामुळे घटना खरोखर स्वतंत्र आहेत काय, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागत नाही.

ही सवय नसल्याचे मोल इंग्लंडमधील एका खटल्यात दिसले. १९९९ साली एका मातेवर तिच्या दोन तान्ह्या बालकांच्या हत्येचा आरोप सिद्ध झाला. तिच्यासारख्या कुटुंबात अर्भकाचा अकस्मात व अकारण मृत्यू ८,५४३ मध्ये एकदा घडतो, म्हणून दोन मृत्यू सुमारे ७ कोटी ३० लाखांत एकदाच, असा वर्ग करून आलेला आकडा एका वैद्यकीय तज्ज्ञाने न्यायालयापुढे ठेवला होता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याचे प्रमुख कारण दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा हे होते, तरी या आकड्यावरही अपील न्यायालयाने टीका केली. एकाच घरातील भावंडांची आनुवंशिकता व परिस्थिती समान असते. तेव्हा दुसरा अपूर्णांक सर्व कुटुंबांतून नव्हे, तर ज्या कुटुंबांत असा एक मृत्यू आधीच घडला आहे त्यांतून घ्यावयास हवा होता.