रिसिव्हर निवडताना वॅटच्या पलीकडे

चारकोपमध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने म्हाडाने १९८०च्या दशकात आखलेल्या वसाहतीत दिवाणखाने लहान आहेत. अशा घरात होम थिएटरचा जुना रिसिव्हर निकामी झाला, की नव्याच्या खोक्यावरील वॅटचा आकडा आधी पाहिला जातो. स्पीकर तोलामोलाचे असतील, तर फसगत नेमकी येथेच होते.

स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात. ८ ऐवजी ४ ओहमचा स्पीकर जोडल्यास तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट प्रवाह वाहतो. शिवाय काही कंप्रतांना हा अडथळा छापील आकड्याच्याही खाली उतरतो. रिसिव्हरचा ट्रान्सफॉर्मर तोकडा असेल, तर आवाज फाटतो, यंत्र तापून बंद पडते. फाटलेल्या आवाजाने ट्विटर जळण्याचीही भीती असते. संवेदनशीलताही पाहावी. ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून काढण्यास चौपट शक्ती लागते.

खोक्यावरील ‘१५० वॅट’ अनेकदा ६ ओहमला, एकच चॅनेल चालवून, १० टक्के विकृती गृहीत धरून मोजलेले असतात. त्यापेक्षा ८ ओहम, दोन चॅनेल, २० ते २०,००० हर्ट्झ आणि ०.०८ टक्के विकृती या मापाचे ९० वॅट अधिक विश्वासार्ह. ‘४ ओहम’च्या स्विचवर भिस्त ठेवू नये, तो बहुधा व्होल्टेज घटवून उष्णता आवरतो, ताकद वाढवत नाही.

लहान खोलीत नऊ-अकरा चॅनेलचा हव्यास कशाला? पाच चॅनेल, भक्कम वीजपुरवठा आणि पुढे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यासाठी प्री-आउट, एवढे पुरे. फक्त शोकेसच्या बंद कप्प्यात तो कोंडू नये.