कुत्र्याचे दात आणि शिकलेला हात

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा कित्येकांना हसू आले असेल. माणसांनाच दंतवैद्याकडे जायला सवड आणि पैसा नाही, तेथे कुत्र्याच्या दातांची उठाठेव आणि तीही कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने का करावी, ही शंका रास्तच आहे. आमचे उत्तर असे की, आम्ही कुत्र्याविषयी जितके बोलणार तितकेच त्याच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहोत. गेल्या काही वर्षांत शहरांतून कुत्र्यांना न्हाऊमाखू घालणारी, त्यांचे केस कापणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. त्यांत काम करणारी पोरे आमच्याकडे पगाराच्या तक्रारी घेऊन येतात, आणि त्यांच्या मनगटांवर दातांचे वण असतात. त्या वणांपासून आम्ही हा विषय शिकू लागलो.

प्रथम कुत्र्याचे तोंड पाहू. वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर लाळेचा आणि जंतूंचा चिकट थर बसतो. हा थर ब्रशने निघतो. तो तसाच राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचे किटण होऊ लागते. किटण ब्रशला दाद देत नाही. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात क्वचितच किडतात, पण किटण मात्र झपाट्याने धरतात. वरच्या जबड्यातल्या मोठ्या कापणाऱ्या दाढेजवळ लाळेची नळी उघडते, म्हणून किटण बहुधा तेथे आधी दिसते. घरी गेल्यावर कुत्र्याचा ओठ बाजूने वर उचलून पाहा.

खरा घात मात्र दिसतो त्या ठिकाणी होत नाही. जंतू हिरडीच्या कडेखाली उतरतात. हिरडी लाल होते, सुजते. येथवरचे नुकसान भरून येते. त्यापुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते, आणि ते झिजलेले हाड साधारणपणे परत येत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दात दाटीने बसलेले असतात, म्हणून त्यांना हा रोग अधिक. कधी कधी तर खालचा जबडा इतका पोकळ होतो की थोड्याशा धक्क्यानेही मोडतो. इतके होईपर्यंत कुत्रा खातच असतो. ‘खातोय की चांगला!’ हे मालकाचे वाक्य म्हणूनच फसवे आहे. जनावर दुखणे लपवते.

आता दुकानात काय चालते ते सांगतो. मालक पोराच्या हाती एक आकडी देतो, कुत्र्याला दोघांनी धरायचे आणि दिसेल ते किटण खरवडायचे. भूल नाही, म्हणून खर्च कमी. दात पांढरे दिसतात, गिऱ्हाईक खूश. पण हिरडीखाली काही झालेलेच नसते. शिवाय खरवडलेला दात घोटून गुळगुळीत केला नाही तर त्यावरच्या ओरखड्यांत नवा थर अधिक सहज बसतो. अशा बिनभुलीच्या खरवडण्याला १९८८ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेज’ या संस्थेने स्पष्ट विरोध केला आहे. आम्हाला ही आंघोळीशिवाय अत्तर लावण्याची तऱ्हा वाटते, फरक इतकाच की येथे जनावराला वेदना होतात आणि चावा पोराला बसतो.

मग शिकलेला हात वेगळे काय करतो? तो आधी भुलेखालच्या कुत्र्याचा श्वास सांभाळायला शिकतो. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी हवी, म्हणजे पाणी आणि किटणाचे कण फुफ्फुसात जात नाहीत. अंग थंड पडू द्यायचे नाही. नंतर बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजायची. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे संशय. प्रत्येक दाताला तीन आकडी क्रमांक असतो. उजवीकडची ती वरची मोठी दाढ १०८, डावीकडची २०८. मोजणारा क्रमांक उच्चारतो, दुसरा तक्त्यावर मांडतो. दाताचे मूळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून क्ष-किरण चित्र घ्यायचे. ध्वनिलहरींच्या यंत्राने किटण काढताना टोक एका दातावर फार वेळ ठेवायचे नाही आणि पाण्याची धार चालू ठेवायची, नाहीतर उष्णतेने आतला जिवंत गाभा भाजतो. यंत्रावर बसलेला कोणताही कारागीर हे समजेल. हत्यार कोठे थांबवायचे हे ज्याला कळते तोच कुशल.

हे कौशल्य डॉक्टरांपुरतेच राहावे काय, हा प्रश्न माणसांच्या बाबतीत शंभर वर्षांमागेच पुढे आला होता. अमेरिकेत ब्रिजपोर्ट येथील डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले आणि १९१३ साली त्यासाठी शाळाच काढली. ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा व्यवसाय त्यातून उभा राहिला. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही त्याला स्थान मिळाले. जनावरांच्या बाबतीत ब्रिटनने १९६१ साली पशुपरिचरांच्या शिक्षणाची योजना सुरू केली. गंमत अशी की, त्यांना ‘नर्स’ म्हणवून घेण्याची तेव्हा मुभा नव्हती. ते नाव १९८४ साली मिळाले. १९९१ च्या दुरुस्तीने पशुवैद्याच्या निर्देशाखाली किरकोळ शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार त्यांना आला. दात साफ करून घोटणे त्यांचे, हत्यारांनी दात उपटणे पशुवैद्याचे. ही रेघ आम्हाला शहाणपणाची वाटते.

आपला पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली प्रमाणपत्रधारक साहाय्यकांनी किरकोळ सेवा द्याव्यात, अशी मुभा राज्य सरकार देऊ शकते. ती योजना मुख्यतः गुराढोरांच्या दवाखान्यांसाठी, लसीकरण आणि मलमपट्टीसारख्या कामांसाठी आहे. शहरातल्या दुकानातला पोरगा तीत बसत नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. आजूबाजूच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण ते उभे आहे. अशा ठिकाणी दातांच्या निगेचे शिक्षण या पोरांना मिळावे, त्या दिवसांचा पगार दुकानदाराने द्यावा आणि शिकून आल्यावर मजुरी वाढावी, असे आमचे म्हणणे आहे. ‘शिकवले तर पोरगा सोडून जाईल,’ असे दुकानदार सांगतात. न शिकवता जो राहतो तो काय करतो, हे आपण वर पाहिलेच.

शिक्षणात कामगाराचे स्वतःचे अंगही आले पाहिजे. यंत्राने उडणाऱ्या तुषारांत जंतू असतात, म्हणून तोंडावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा हवा. भुलेचा वायू खोलीत साचू नये. क्ष-किरणाजवळ काम करणाऱ्याने मात्रा मोजणारा बिल्ला लावावा. रेबीजची लस तर कामावर घेतानाच टोचावी, चावा बसल्यावर धावाधाव नको.

आणि घरी? रोज ब्रश फिरवणे याला तोड नाही. पहिले काही दिवस नुसते बोट, मग बोटावर फडके, मग मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ होते. माणसांची पेस्ट वापरू नये. कुत्रा ती गिळतो, आणि काही पेस्टमधली झायलिटॉल नावाची साखर त्याला विष आहे. चघळायच्या वस्तूंची पारख करून १९९७ पासून आपला शिक्का देणारी ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ नावाची एक संस्था आहे. शिक्का दिसला तर बरे. हाडाने दात साफ होतात ही समजूत जुनी आहे, पण कठीण हाडाने तीच मोठी दाढ उभी चिरफळते. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख रुतत नसेल तर ती कुत्र्याला देऊ नये.