तळ्यांनी फोडलेला बर्फ

सफाळ्याहून एडवण-दातिवऱ्याकडे गेलात, तर भरतीचे पाणी खाजणात कुठवर शिरते ते तुम्हांला दिसेल. तेथील बांधाचा दक्षिण ध्रुवाकडच्या तळ्यांशी काय संबंध?

अंटार्क्टिकावरील बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि किनारा सोडून पाण्यावर तरंगू लागतो. शेकडो मीटर जाडीच्या या तरंगत्या भागाला आपण हिमफलक म्हणू. भारताचे पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ साली अशाच हिमफलकावर उभारले होते.

उन्हाळ्यात हिमफलकावर बर्फ वितळून तळी साचतात. ताजे हिम ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परावर्तित करते. गडद पाणी मात्र बराचसा शोषून घेते. त्यामुळे तळे आपला तळ आपणच वितळवून खोल होत जाते.

आता तळ्याखाली एक भेग आहे अशी कल्पना करा. ती कोरडी असेल, तर बर्फाच्या दाबाने खोलवर मिटते. पण पाण्याने भरली तर? बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असते. म्हणजे ५० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाण्याचा भार ५० टन, तर बर्फाचा सुमारे ४६ टन. उरलेले ४ टन भेग रुंदावतात. खोलीबरोबर हा फरक वाढतो. भेग काठोकाठ भरलेली ठेवण्यास लागणारे पाणी तळे पुरवते. शेवटी भेग आरपार जाते. तळे रिकामे होताच वरचा भार हटतो, हिमफलक वर उचलला जाऊन वाकतो आणि आसपास नव्या भेगा पडू शकतात.

लार्सन-बी या हिमफलकावर दोन हजारांहून अधिक तळी होती. ३१ जानेवारी २००२ पासून सुमारे पाच आठवड्यांत त्याचा ३,२५० चौरस किलोमीटर भाग, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाचपट, तुकडे तुकडे होऊन गेला.

एका पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगू द्या. पातळीची खूण करा. खडा वितळला तरी पातळी तीच राहते! मग काळजी कसली? हिमफलक हा मागच्या हिमनद्यांना लागलेला अडसर असतो. लार्सन-बी फुटल्यावर तेथील हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. आता पेल्यात बाहेरून नवा खडा टाका. पातळी चढली ना? जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की असेच होते, आणि ते वाढलेले पाणी आपल्या खाजणाच्या बांधालाही लागते.